जहाजाच्या मॉडेलखालचा समुद्र: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

रेव्हेलचे १/१४४ मापाचे ‘स्नोबेरी’ या कॉर्व्हेटचे (छोट्या युद्धनौकेचे) किट, पाच सेंटिमीटर जाडीचा एक्सपीएस बोर्ड (मणी न सुटणारा घट्ट फोम), वाळल्यावर चकाकणारे घट्ट ग्लॉस जेल, ॲक्रिलिक रंग आणि थोडा कापूस एवढ्या साहित्यातून उभे राहिलेले मॉडेल छत्रपती संभाजीनगरच्या हवेत हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढून अजून घरात उभे आहे. काम पूर्ण होते त्या दिवशी सगळेच साहित्य चांगले दिसते. मे महिना उलटल्यावर ते कसे दिसते, हे मराठवाड्यात राहणाऱ्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. माझे मत आधीच नोंदवतो. खुल्या समुद्राचा देखावा करायचा असेल, तर पाण्यासाठी पारदर्शक रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे द्रवरूप प्लास्टिक) ओतण्याची गरज नाही, आणि आपल्याकडच्या हवेत तर ते टाळलेलेच बरे.

किटबद्दल थोडक्यात सांगतो. ‘स्नोबेरी’ ही दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधील मालवाहू ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या फ्लॉवर वर्गातील कॅनडाची नौका. व्हेल पकडणाऱ्या बोटींच्या आराखड्यावरून हा वर्ग घडवला गेला. लांबी सुमारे ६२ मीटर आणि वेग जेमतेम १६ नॉट (ताशी सागरी मैल), त्यामुळे मोठ्या लाटेत या नौका विलक्षण डोलत. याच वर्गातील ‘आसाम’, ‘सिंध’, ‘गोंडवाना’ आणि ‘महरट्टा’ या नौका पुढे तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीतही आल्या, आणि मी हा वर्ग निवडला त्यामागे तेही एक कारण होते. १/१४४ मापात जहाज साधारण ४३ सेंटिमीटरचे होते. ते घरातल्या कपाटात मावते आणि तरीही त्याच्या भोवतालच्या लाटेला आकार देता येईल एवढे मोठे राहते. जोडणी शांतपणे करणाऱ्याला हे किट पूर्ण समाधान देते. डोलकाठीच्या तारांसाठी ताणला जाणारा लवचिक धागा वापरला, तो उन्हाळ्यातही सैल पडला नाही.

खरा विषय पाण्याचा आहे. या नौकेचा पाण्याखालचा भाग सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये अडीच सेंटिमीटरच्या आसपास येतो. जहाज जलरेषेवर, म्हणजे पाण्याची पातळी जिथे येते तिथे, कापण्यापेक्षा बोर्डात त्याच्या आकाराचा खळगा कोरून ते आत बसवणे मला अधिक योग्य वाटते, कारण मग नाळ (जहाजाचे पुढचे टोक) किंचित वर उचलून आणि पिछाडी दाबून जहाज लाटेवर चढताना दाखवता येते. पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ बोर्ड घेतला, तर खळगा आणि लाटेची दरी या दोन्हींना जागा उरत नाही. साधा पांढरा थर्माकोल कापताना त्याचे मणी सुटतात, म्हणून एक्सपीएस घ्यावा. मात्र दोन्हींवर थिनर असलेला स्प्रे मारू नये, कारण पृष्ठभाग विरघळतो.

लाट किती उंच ठेवायची, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनाच्या ६ क्रमांकाच्या वाऱ्यात समुद्रावर साधारण ३ मीटरच्या लाटा असतात. १/१४४ मापात ते दोन सेंटिमीटर झाले. अशा लाटेचे दोन माथे एकमेकांपासून साठ-सत्तर मीटर दूर असू शकतात, म्हणजे जवळजवळ जहाजाच्या लांबीएवढे. बोटभर अंतरावर टोकदार लाटांची दाटी केलेली अनेक मॉडेले दिसतात आणि त्यामुळे युद्धनौका खेळण्यातल्या होडीसारखी वाटू लागते. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या भागाच्या पुढे गेली की ती फुटते, एवढा नियम लक्षात ठेवला तरी निम्मे काम साधते.

जहाजाने स्वतः उठवलेल्या लाटा वेगळ्या असतात आणि त्यांचा हिशोब फार सुंदर आहे. खोल पाण्यात जहाजामागे पसरणाऱ्या लाटांच्या पाचरीची प्रत्येक बाजू मार्गरेषेशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते, मग वेग कितीही असो. नाळेपासून ४० सेंटिमीटर मागे गेलो की ही बाजू मध्यरेषेपासून १४ सेंटिमीटर दूर पोहोचते, म्हणून बोर्डाची रुंदी तीस सेंटिमीटरपेक्षा कमी घेऊ नये. वेगाप्रमाणे बदलते ते या पाचरीच्या आत, मार्गाला आडव्या उठणाऱ्या लाटांमधले अंतर. १२ नॉटला ते सुमारे २४ मीटर भरते, म्हणजे मॉडेलमध्ये १७ सेंटिमीटर. आधी जहाजाचा वेग ठरवावा, मग बोर्डावर पेन्सिलने या रेषा आखाव्यात आणि त्यानंतरच सुरी हातात घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्याला समुद्र दूर असल्याने पाणी पाहायला मी पैठणला नाथसागरावर जातो. तिथल्या लाटा जशाच्या तशा समुद्रात नेता येत नाहीत, कारण जलाशयावर वाऱ्याला धावायला समुद्राएवढे अंतर मिळत नाही आणि लाट आखूड व उभट राहते. पण मोठ्या लाटेच्या पाठीवर वारा ज्या बारीक सुरकुत्या उठवतो, त्या तिथे जवळून पाहता येतात. वाऱ्याकडच्या उतारावर त्या दाट असतात आणि आडोशाच्या उतारावर पाणी बरेचसे गुळगुळीत असते. हा फरक जेलमध्ये उतरवला की पाण्याला एकदम जीव येतो.

आता रंगाकडे येतो. खुल्या समुद्राकडे जहाजाच्या अंतरावरून पाहताना तळ दिसत नाही आणि पाण्याचे अंतरंगही फारसे दिसत नाही. सरळ वरून पाहिले, तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत फेकते, पण नजर जसजशी तिरकी होते तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते आणि आपल्याला दिसते ते मुख्यतः आकाश. म्हणून खाली गडद, अपारदर्शक रंग आणि वर लखलखीत चकाकी एवढेच लागते. मधली सेंटिमीटरभर पारदर्शकता डोळ्यांना काहीच नवे देत नाही. उत्तर अटलांटिकसाठी मी काळसर हिरवट-करडा रंग घेतला आणि फक्त माथ्यांजवळ, जिथे पाण्याचा थर पातळ होऊन उजेड आरपार येतो, तिथे हिरवा किंचित उजळवला.

कोरलेल्या बोर्डावर पातळ फेविकॉलने टिश्यू पेपर चिकटवला, तो वाळल्यावर रंग दिला आणि त्यावर जेल लावले. जेल ब्रशने पसरवू नये, तर ताठ केसांच्या ब्रशच्या टोकाने टिपत जावे. ब्रश उचलताना जेलचे बारीक शेंडे उभे राहतात. ते अर्धवट सुकले की ओलसर बोटाने वाऱ्याच्या दिशेने हलकेच दाबावेत, म्हणजे त्यांच्या सुरकुत्या होतात. ओले जेल दुधासारखे पांढरे असते आणि वाळता वाळता पारदर्शक होते. एप्रिलच्या कोरड्या हवेत वरची साय फार लवकर धरते आणि आतला थर पांढराच राहतो, त्यामुळे एकदम जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत. हे काम दिवाळी ते संक्रांत या काळात सर्वांत सुखाचे होते.

तुलनेसाठी एका वेगळ्या तुकड्यावर मी मुद्दाम इपॉक्सी रेझिन ओतून पाहिले आणि तो तुकडा मॉडेलच्या शेजारीच ठेवला. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते, आणि खोलीच आधी तापलेली असेल तर ही क्रिया आणखी वेगाने होते. भांड्यात मिसळलेले रेझिन पसरवायला वेळच उरत नाही. ते कडेवर आणि जहाजाच्या अंगावर चढते, आणि ही चढलेली कड या मापात जहाजाला चिकटलेल्या पाकासारखी दिसते. खिडकीतल्या उजेडाने तो तुकडा आता स्पष्ट पिवळसर झाला आहे, तर जेलचा रंग होता तसाच आहे. उथळ बंदर, खडकाळ किनारा किंवा पाण्याखालची पाणबुडी दाखवायची असेल, तर मात्र रेझिनला पर्याय नाही, हेही तितकेच खरे.

नाळेपाशी उडणाऱ्या तुषारांसाठी कापूस वापरला आणि त्याचा निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला. कापसाचा तंतू साधारण १५ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड असतो. १४४ पट केल्यावर तो दोन-तीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेएवढा. परंतु त्याची लांबी तीन सेंटिमीटरच्या घरात असल्याने तो तसाच लावला, तर चार मीटरचा दोर भासतो. कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून, विरळ पिंजून आणि जेलमध्ये नुसते टोक बुडवून ते लावावेत. फेसासाठी पांढरा रंग जवळजवळ कोरड्या स्पंजाने टिपावा. पांढऱ्याचे सलग पट्टे ओढू नयेत.

उन्हाळ्याने या जेलचा एक दोष दाखवून दिला. ॲक्रिलिक जेल वाळल्यावरही थोडे मऊ राहते आणि पारा चाळिशीपार गेला की त्याला किंचित चिकटपणा येतो. मग वाऱ्याबरोबर आलेली धूळ नुसत्या फुंकरीने निघत नाही. कूलरच्या झोतात मॉडेल ठेवले, तर ओलाव्याने जेलवर दुधी झाक येते. ती कोरड्या हवेत जाते, पण पुन्हा पुन्हा होऊ देऊ नये. यावर कडक वाळणाऱ्या ग्लॉस व्हार्निशचे दोन पातळ हात आणि वरून ॲक्रिलिक शीटची पेटी हा उपाय मला पुरेसा ठरला. नावाच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानात ही पेटी मापाप्रमाणे करून मिळते. फक्त तिच्या तळाशी हवा खेळायला दोन छोटी भोके ठेवायला सांगावीत, म्हणजे पावसाळ्यात आत दमटपणा कोंडत नाही. व्हार्निश मात्र जेल आतपर्यंत पूर्ण पारदर्शक झाल्यावरच मारावे, कारण वर कडक थर बसला की खालचा ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो पांढरेपणा मग कायमचा आत राहतो.