माळढोक "शंभर टक्के दाखवतो" म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा

परभणी, जालना, बीडकडून कुणी जैसलमेरला एकटं जायचा विचार करत असंल, त्यातही पोरगी असंल, तर हे पूर्ण वाचा आणि गावाकडच्या ग्रुपवर टाका, कारण हा माणूस गिऱ्हाईक आपल्याच भागातलं शोधतो.

मला माळढोक पक्षी बघायचा होता. आजोबा सांगायचे, पूर्वी आपल्याकडच्या माळावर दिसायचा. आता देशात जे थोडे उरलेत ते बहुतेक जैसलमेरकडंच, म्हणून थंडीत निघायचं ठरवलं. फेसबुकवर एका ट्रॅव्हलवाल्याची जाहिरात दिसली, ऑफिस संभाजीनगरात. फोन लावला तर पहिलंच वाक्य, "ताई, मी पण परभणीचाच, एकट्या जायलात म्हणून काळजी करू नका, तिकडं आपलाच माणूस आहे." डेझर्ट नॅशनल पार्कची जीप सफारी, वनखात्याचं परमिट, टेंटमधे मुक्काम, माळढोक शंभर टक्के, सगळं मिळून 18,500. त्यातले 12,000 आधीच यूपीआयनं घेतले आणि शिक्का मारलेल्या परमिटचा फोटो पाठवला.

जैसलमेरजवळच्या सम गावाला पोचल्यावर जीपवाल्यानं वाळूच्या टेकड्यांवर गाडी वर-खाली पळवायला सुरुवात केली. सुदासरीला, म्हणजे पार्कातल्या माळढोकाच्या भागात, कधी जायचं विचारलं तर म्हणे मला एवढ्याचेच पैसे दिलेत. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, ते पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं, त्यात वाळूच्या टेकड्या साधारण 20 टक्केच, बाकी खडकाळ जमीन, खारट पट्टे आणि सेवण गवताची कुरणं, आणि माळढोक राहतो ते त्या गवताळ माळावर, अंडंसुद्धा उघड्या जमिनीवर घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. त्यामुळं वाळूत जीप उडवत माळढोक दाखवतो म्हणणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. संध्याकाळी त्यानं लांब बसलेला एक पक्षी दाखवला, "वो रहा गोडावण", तिकडं माळढोकाला गोडावण म्हणतात. दुर्बिणीतून बघितलं तर गिधाड होतं. माळढोक मीटरभर उंच, लांब फिकट मान, डोक्यावर काळी टोपी, ज्यानं फोटो तरी बघितलाय त्याला फरक लगेच कळतो.

रात्री खरा त्रास झाला. टेंटवाला म्हणला, तुमच्या एजंटनं 2,000 च पाठवलेत, 7,000 आत्ता द्या नाहीतर बॅग उचला. जैसलमेर 40 किलोमीटर, बाहेर अंधार, थंडी, गाडी नाही, आणि एजंटचा फोन बंद. एकटी बाई अशा वेळी भांडत बसणार नाही, पैसे देणारच, हे दोघांनाही पक्कं माहीत असतं आणि सगळा डाव त्याच्यावरच रचलेला असतो. ग्रुप असता तर हिंमत झाली नसती त्यांची.

सकाळी जैसलमेरच्या वनखात्याच्या ऑफिसात तो परमिटचा फोटो दाखवला, त्यांनी बघताक्षणी खोटा म्हणून सांगितलं. तिथंच रीतसर परवानगी काढून सुदासरीला गेले. चिंकारा दिसले, वाळवंटी कोल्हा दिसला, माळढोक नाही दिसला. सोबतचा वनरक्षक म्हणला, दिसंलच असं आम्हीसुद्धा कुणाला सांगत नाही. त्यानं विजेच्या तारा दाखवल्या, ह्या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, जड अंगामुळं ऐनवेळी वळता येत नाही, तारेला धडकून मरतात. इतके कमी उरलेत आणि त्यांच्या नावावर ही असली लूट चाललीय, ह्याचा मला पैशापेक्षा जास्त संताप येतो.

घरी आल्यावर एजंटचा फोन, एकदम गोड आवाजात, "ताई गैरसमज झाला, रिफंड करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." इथं लई लोक अडकतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की खात्यातून जातात. मी 1930 ला फोन करून सायबर तक्रार दिली, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्या खोट्या परमिटचा फोटो जोडला. पैसे अजून मिळाले नाहीत.

आता त्याच नंबरवरून दुसऱ्या नावानं कच्छच्या छोट्या रणाची टूर विकणं चालू आहे, "रानगाढवं आणि फ्लेमिंगो गॅरंटीड", ॲडव्हान्स पुन्हा यूपीआयवरच. कुणी भरले असतील तर आजच मुक्कामाच्या ठिकाणी स्वतः फोन करून तुमच्या नावावर किती रक्कम पोचलीय ते विचारा, आणि कमी पोचली असंल तर निघायच्या आधीच 1930 ला कळवा.