ज्याने ऑटोप्सी ऐकवलं, त्यानेच फसवलं

नकली सीडी विकून मला फसवणाऱ्या माणसाला संगीत कळत होतं. हे आधीच सांगतो, कारण अशा गोष्टी वाचताना मलाही वाटायचं की भामटा बोलण्यावरून ओळखू येतो. हा बोलायला लागला की वाटायचं, इतकी वर्षं आपण याच माणसाची वाट बघत होतो.

सांगलीत डेथ मेटल आणि थ्रॅश, म्हणजे कर्कश गिटारचं जोरकस संगीत, ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. मला हा नाद चुलतभावामुळे लागला. तो पुण्याहून या बँडांच्या कॅसेट आणि सीडी आणायचा: सेपल्टुराची ‘बिनीथ द रिमेन्स’, क्रिएटरची ‘प्लेझर टू किल’, डेथची ‘ह्युमन’. नोकरीसाठी बाहेर जाताना दोन्ही खोकी त्याने माझ्याकडे ठेवली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि खणभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर खोकी उघडली, तर बुकलेटांचा लगदा झालेला आणि कॅसेटच्या फितींत गाळ. भावाला फोन करून सांगताना मला रडू आलं होतं.

मोबाईलवर हे सगळं ऐकता येतं, पण माझी बँड शोधायची रीत सीडीसोबतच्या छापील बुकलेटातून जाते. ड्रम कोणी वाजवले, रेकॉर्डिंग कुठल्या स्टुडिओत झालं, आभार कोणाचे मानलेत हे वाचत एका बँडवरून दुसऱ्यावर जायचं. म्हणून पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून पुन्हा सीडी जमवायला लागलो आणि त्यासाठी एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपमध्ये गेलो. तिथे तो भेटला.

पहिल्या आठवड्यातच त्याने विचारलं, “दादा, ‘स्क्रीम ब्लडी गोर’वर ड्रम कोणाचे आहेत ते बघितलंत का?” 1987 चा तो डेथ या बँडचा पहिला अल्बम. ड्रमर ख्रिस रायफर्ट. डेथ सोडल्यावर त्याने ऑटोप्सी हा बँड काढला, तिथे तो ड्रम वाजवत गायलाही लागला, आणि 1989 मध्ये त्यांचा ‘सेव्हर्ड सर्व्हायव्हल’ आला. मी त्याच रात्री हेडफोन लावून तो ऐकला. वेगात चाललेलं गाणं मधेच खाली बसतं आणि चिखलातून पाय ओढत चालल्यासारखं सरकतं. असं काही मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात खतावणी लिहितानाही गिटारची तीच धून डोक्यात होती.

मग त्याने स्वीडनचे बँड उलगडून दाखवले. निहिलिस्ट फुटला आणि त्यातून एन्टूम्ड झाला. कार्नेजमधले लोक डिस्मेंबरमध्ये गेले. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग हे बँड रेकॉर्ड करायचा, आणि बॉस कंपनीच्या एचएम-2 या गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवली की गिटारचा तो करवतीसारखा आवाज निघतो. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातल्या कोगुमेलो रेकॉर्ड्सने सेपल्टुराचे सुरुवातीचे अल्बम काढले, तसाच 1987 मध्ये सार्कोफागोचा ‘आय.एन.आर.आय.’ही काढला, हे त्याच्याकडून कळलं. न्यूयॉर्कचा डिमोलिशन हॅमरही त्यानेच ऐकवला. त्यांचा 1992 चा ‘एपिडेमिक ऑफ व्हायलन्स’ माझ्या मते थ्रॅशमधल्या सगळ्यात निर्दय अल्बमांपैकी एक आहे, आणि तो मला इतक्या उशिरा मिळाला याची हळहळ अजून वाटते. त्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी निघाली नाही. मी तपासायचो, ती बरोबर असायची.

त्याच्याकडून आधी दोन सीडी घेतल्या, एक 650 ची आणि एक 800 ची. फोटोत दोन्ही एका हिरव्या चौकटीच्या चादरीवर ठेवलेल्या होत्या. तीन दिवसांत कुरिअर आलं, माल अस्सल. वर त्याने स्वतःहून लिहिलं होतं, “दादा, या रिइश्यू आहेत. कुणी फर्स्ट प्रेस म्हणून गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका.” रिइश्यू म्हणजे नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती, फर्स्ट प्रेस म्हणजे पहिली, महाग छपाई. त्याच्या त्या एका वाक्याने माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. आज ते वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. तुम्हालाही कोणी न विचारता असा प्रामाणिकपणा दाखवला, तर पुढचा व्यवहार आणखी बारकाईने करा.

दोन महिन्यांनी रात्री अकराला मेसेज आला. एक जुना संग्राहक देश सोडून चाललाय, सहा सीडींचा लॉट आहे, सगळ्या पहिल्या छपाईच्या. मॉर्बिड एंजलची ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’, एन्टूम्डची ‘लेफ्ट हँड पाथ’, डिस्मेंबरची ‘लाइक ॲन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम’, ऑटोप्सी, डिमोलिशन हॅमर आणि सोडोमची ‘एजंट ऑरेंज’. किंमत 21,500. कोलकात्याचा एक जण 24,000 द्यायला तयार आहे, “पण तुम्ही ऐकता, नुसतं साठवत नाही, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.” मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

फोटो सुंदर होते. एक काळ्या लाकडी टेबलावर, दोन पांढऱ्या भिंतीपुढे, बाकीचे खिडकीजवळच्या उन्हात. ती हिरवी चादर कुठेच नव्हती. यूपीआयवर भलतंच नाव आलं तेव्हा मी विचारलं. म्हणाला, मेहुण्याचं खातं आहे, माझं सध्या अडकलंय. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तिथे कोणी बोली लावत नाही, हे मी रोज बघतो. तरी बोनसचे सगळे पैसे मी त्या नावावर पाठवले.

पार्सल आठ दिवसांनी आलं. डबीतले छापील कागद, म्हणजे इनले, चांगल्या कागदावर होते, पाठीवर इअरेक या रेकॉर्ड कंपनीचे मॉश 11 आणि मॉश 21 हे कॅटलॉग क्रमांकसुद्धा बरोबर. पण ओलं बोट लागलं तशी ‘लेफ्ट हँड पाथ’च्या मुखपृष्ठाची निळी शाई पसरली. डिस्क उलटी केली, तर खालची बाजू हिरवट-निळी. कारखान्यात दाबून काढलेली सीडी खालून चांदीसारखी चकचकीत असते. घरी कॉम्प्युटरवर गाणी भरलेल्या डिस्कला आतल्या रंगाच्या थरामुळे बहुतेक वेळा हिरवी, निळी किंवा जांभळट झाक असते. सहापैकी चार अशा होत्या. मधल्या भोकाजवळच्या कड्यात मूळ सीडीवर छपाईचा क्रमांक कोरलेला असतो. इथे कोऱ्या डिस्कचा नंबर होता.

उरलेल्या दोन, मॉर्बिड एंजल आणि सोडोम, चांदीसारख्याच होत्या. क्षणभर वाटलं, निदान या तरी खऱ्या. भिंगातून बघितलं तर आतल्या कड्यापाशी बारीक अक्षरात आयएफपीआय (संगीत कंपन्यांची जागतिक संघटना) आणि पुढे कोड. हा कोड सीडीवर टाकायला सुरुवात झाली 1994 मध्ये. दोन्ही अल्बम 1989 चे. म्हणजे पहिली छपाई असणं शक्यच नाही. फार तर नंतरच्या रिइश्यू, काही शे रुपयांच्या. कोड दिसला म्हणजे सीडी खोटी असं समजू नका, पण 1994 च्या आधीची म्हणून कोणी विकत असेल तर भोकाजवळच्या भागाचा जवळून काढलेला फोटो मागा.

मग ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणी टाकून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या सुरांचं चित्र, बघितला. सीडीचा आवाज साधारण 22 किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. त्या चार डिस्कवर 16 च्या वर सरळ रेषेत सगळं कापलेलं, काळोख. कमी दर्जाच्या एमपीथ्रीवर अशीच रेघ दिसते. त्याने फुकट उतरवलेल्या फायली डिस्कवर लिहून मला विकल्या होत्या. मला ऑटोप्सी ऐकवणाऱ्या माणसाने ऑटोप्सीचं हे करावं, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. झांजांचा आवाज पत्र्यावर वाळू पडल्यासारखा येत होता. तो फरक त्याला नक्की ऐकू येत असणार.

त्याला कळवलं. तो चिडला नाही. “दादा, चुकून दुसरा बॉक्स आला, मी बदलून देतो.” मग कुरिअरवाला सुट्टीवर, मग घरात आजारपण, मग “सोमवारी नक्की”. यात बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं. तेव्हा मी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पण पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेले होते. पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते. आठ दिवस पार्सलची वाट बघण्यात गेलेच होते, वर हे बारा दिवसही त्याने त्यासाठीच काढून घेतले. समोरचा कितीही गोड बोलत असला तरी आधी 1930 लावा. माल बदलून मिळालाच, तर तसं त्यांना नंतरही कळवता येतं.

ग्रुपमध्ये मी हे लिहिल्यावर एकाने खासगीत मेसेज केला, दहा टक्के आगाऊ द्या, सायबरमध्ये ओळख आहे, पैसे परत आणतो. एकदा फसलेल्याला शोधणारे हे वेगळेच लोक असतात. त्याला उत्तर देऊ नका.

ते फोटो मी इमेज सर्चमध्ये टाकले. लाकडी टेबलाचा फोटो परदेशातल्या एका संग्राहकाचा निघाला, कित्येक वर्षांपूर्वीचा. मी आता कोणाकडूनही घेताना सीडीशेजारी माझं नाव आणि आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो मागतो. खरे विक्रेते दोन मिनिटांत पाठवतात. नाव आणि खातं जुळत नसेल तर व्यवहार करत नाही, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवतो. ‘सेव्हर्ड सर्व्हायव्हल’ची रिइश्यू मी नंतर अशीच चिठ्ठी मागून घेतली. परवा भाऊ आला होता, तेव्हा माडीवर बसून आम्ही दोघांनी ती पूर्ण ऐकली.

आणि गेल्या रविवारी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये विक्रीचा फोटो दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा. दोन स्वस्तातल्या रिइश्यू, 700 ला एक, खाली रायफर्टबद्दल चार ओळी. सीडी हिरव्या चौकटीच्या चादरीवर ठेवलेल्या. म्हणजे सध्या तो कुणाला तरी खऱ्या सीडी पाठवतोय. ते तुम्ही असाल तर पुढचा लॉट घेऊ नका.