निरीक्षणवही की सहकाऱ्याची नजर? मॉन्टेसरी वर्गातील आत्मपरीक्षणाच्या दोन पद्धती

मॉन्टेसरी पद्धतीने चालणाऱ्या छोट्या बालवाडीत नव्या वर्षाचे नियोजन करताना साहित्य, जागा आणि शुल्क यांवर पुष्कळ चर्चा होते. परंतु वर्षभर वर्गात आपण जे करणार आहोत ते ताईंनी स्वतः कसे तपासायचे, हा विषय बहुधा बैठकीच्या शेवटी येतो आणि चहाबरोबर संपतो. ज्यांनी यंदा तो विषय मनावर घेतला आहे त्यांच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. मुलांच्या निरीक्षणाची रोज नोंद करायची आणि त्या नोंदींवरून स्वतःचे काम जोखायचे, हा पहिला. ठरावीक दिवशी सहकारी शिक्षिकेला वर्गात बसवून तिने काय पाहिले ते ऐकायचे, हा दुसरा. प्रस्तुत आढावा लिहिताना दोन शिक्षिका, एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षे वयाची पंचवीस-तीस मुले असलेला एकच मिश्र वर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण आपल्याकडे असे वर्ग पुष्कळ आहेत आणि वेळेची सर्वांत मोठी चणचणही त्यांनाच असते.

दोन्ही मार्गांचे मूळ पाहायचे तर १९०७ सालाकडे जावे लागते. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्या वर्षी ६ जानेवारीला या पद्धतीच्या जनक, इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह सुरू झाले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील दट्टे काढून पुन्हा आपापल्या खाचेत बसवत होती. मॉन्टेसरी यांनी तिची आवर्तने मोजायला सुरुवात केली. तिचे लक्ष कितपत गुंतले आहे हे पाहण्यासाठी त्यांनी इतर मुलांना गाणे म्हणायला सांगितले आणि मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने दट्टे सोडले नाहीत. चाळीसहून अधिक वेळा तेच काम करून ती आपण होऊन थांबली. या प्रसंगाचा उल्लेख बालकाच्या एकाग्रतेचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र त्यातील क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोजणे, मग एक छोटासा प्रयोग आणि सर्वांत शेवटी अर्थ लावणे. त्या वेळी मॉन्टेसरी यांनी स्वतःला काय वाटले हे लिहीत बसण्याऐवजी मूल काय करते ते टिपले आणि त्या टिपणातून स्वतःच्या समजुती बदलल्या.

वहीचा मार्ग थेट याच परंपरेतला आहे. मात्र वही म्हणजे काय, याबद्दल मोठा घोटाळा होतो. ‘आज ओवी अस्वस्थ होती, लक्ष लागत नव्हते’ ही नोंद दिसायला निरीक्षणासारखी असली तरी तो निवाडा आहे. ‘९.४० ला ओवीने गुलाबी मनोरा चटईवर आणला, चार ठोकळे रचले, ९.४३ ला मनोरा तसाच ठेवून ती खिडकीपाशी गेली, ९.५० पर्यंत पाणी ओतणाऱ्या मुलाकडे पाहत उभी होती’ हे निरीक्षण झाले. पहिल्या नोंदीवरून ताई दुसऱ्या दिवशी ओवीला ‘लक्ष दे’ असे सांगेल. दुसऱ्या नोंदीवरून ती ओवीला पाणी ओतण्याच्या कामाचे सादरीकरण देईल, म्हणजे ते काम सावकाश करून दाखवेल. बालविकासाला आधार देणे हे जे आपण सतत बोलतो, ते प्रत्यक्षात एवढ्याशा फरकातून घडते.

वहीची खरी ताकद काळाच्या ओघात दिसते. एका दिवसाच्या नोंदीतून फारसे हाती लागत नाही. सहा आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एखादे मूल केवळ जीवनव्यवहाराचीच (ओतणे, पुसणे अशी रोजच्या जगण्यातली) कामे निवडते आहे, एखादे नेहमी मोठ्या मुलांच्या चटईशेजारी बसून पाहत शिकते आहे, किंवा घरी अहिराणी अथवा वारली बोलणारे मूल वर्गात महिनाभर गप्प राहून आता दोन-दोन शब्दांची वाक्ये जुळवू लागले आहे, हे लक्षात येते. असे बदल इतके सावकाश होतात की रोज त्याच वर्गात असणाऱ्या व्यक्तीला ते जाणवत नाहीत, आणि महिन्यातून एकदा तासभर येणाऱ्या सहकाऱ्याला तर ते दिसणे शक्यच नाही. मुलाची वाढ समजून घ्यायची असेल तर वहीला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॉन्टेसरी यांनी नोंदींसाठी कामाच्या आलेखाची एक रीतही दिली आहे, ती आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात. कागदावर एक आडवी रेषा काढायची. ती रेषा म्हणजे शांत, निष्क्रिय स्थिती. मूल कामात गुंतले की रेघ वर चढते, त्याच्या वागण्यात गोंधळ आला की रेघ खाली उतरते. सलग तीन तासांच्या कामाच्या वेळेत साधारण दहाच्या सुमारास अनेक मुले उठतात, रेंगाळतात, कुजबुजतात आणि वर्ग हातातून निसटतो आहे असे वाटू लागते. मॉन्टेसरी यांनी याला खोटा थकवा म्हटले, कारण त्याच्या पाठोपाठ मुले सकाळचे सर्वांत अवघड काम निवडतात आणि त्यात रमतात. नेमक्या याच क्षणी घाबरून टाळी वाजवणाऱ्या, सगळ्यांना गोल बसवून गाणे सुरू करणाऱ्या ताई मी पाहिल्या आहेत. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच करत असे. मी दोन आठवडे दर दहा मिनिटांनी आलेख काढला तेव्हा माझ्या गाण्यानंतरची रेघ पुन्हा वर चढतच नसल्याचे दिसले. हे कोणी तोंडी सांगितले असते तर मी वाद घातला असता.

वहीच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पहिली वेळेची. मुले घरी गेल्यावर साहित्य पुसणे, मांडणी लावणे आणि पालकांशी बोलणे यांतून उरणाऱ्या अर्ध्या तासात तीस मुलांच्या नोंदी होणार नाहीत. त्यामुळे रोज पाच मुले ठरवून घेतली तरच सहा कामकाजाच्या दिवसांत सर्वांची पाळी येते, आणि नोंद वर्गातच, खुर्चीवर बसून, हातातल्या छोट्या वहीत करावी लागते. त्या वीस मिनिटांत दुसऱ्या ताईने सादरीकरणे सांभाळायची. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे: वहीत मूल दिसते, पण ताई स्वतः क्वचितच दिसते. आपला आवाज, आपल्या हालचालींची घाई, आपले चेहऱ्यावरचे भाव यांची नोंद आपल्याला करता येत नाही. स्वतःविषयी लिहायला बसले की लिखाण बहुधा एकतर समर्थनाकडे झुकते नाहीतर अपराधीपणाकडे.

येथे सहकाऱ्याची नजर उपयोगी पडते. उदाहरणार्थ तीन पायऱ्यांचा पाठ घ्या. पहिल्या पायरीत ताई ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’ अशी नावे देते, दुसरीत ‘खरखरीत दाखव’ असे विचारते आणि तिसरीत ‘हे काय आहे?’ असा प्रश्न येतो. मूल चुकले तर दुरुस्ती करायची नाही, पाठ तेथेच हसतमुखाने थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्यायचा, हे प्रशिक्षणात प्रत्येकीने पाठ केलेले असते. तरीही प्रत्यक्ष वर्गात दुसरी पायरी आटोपती घेऊन तिसरीकडे धाव घेण्याची आणि उत्तर चुकले की ‘नाही गं, नीट बघ’ म्हणण्याची सवय जवळजवळ सर्वांनाच असते. स्वतःच्या वहीत ‘आज पाठ बरा झाला’ असे लिहिणारी ताई, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने ते शब्द जसेच्या तसे लिहून दाखवले की गप्प होते.

दुसरे उदाहरण हस्तक्षेपाचे आहे. दट्टे, मनोरा किंवा रुंद जिना (जाडी क्रमाने बदलत जाणारे लाकडी तुकडे) यांसारख्या साहित्यात चूक मुलाला स्वतःलाच कळावी अशी सोय मुद्दाम केलेली असते. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा ठोकळ्यांचा मनोरा रचताना क्रम बिघडला की तो डोळ्यांना खुपतो, आणि दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्टा उरतो. तरीही मोठ्या माणसाचा हात पुढे जातोच. सहकाऱ्याने तासाभरात एवढेच मोजावे: ताईने कामात गुंतलेल्या मुलाला किती वेळा थांबवले? यात ‘शाब्बास!’ म्हणणेही धरावे, कारण कौतुकाने मान वर करणारे मूल कामातून बाहेर आलेलेच असते. माझ्या पाहण्यात हा एकच आकडा कोणत्याही लांबलचक शेऱ्यापेक्षा जास्त परिणाम करतो. त्यात कोणाच्या स्वभावावर भाष्य नसते, म्हणून तो स्वीकारणे सोपे जाते.

सहकाऱ्याच्या नजरेचा धोका मात्र लहान समजू नये. आपल्याकडे वर्गात मागे बसून वहीत लिहिणारी व्यक्ती म्हणजे तपासणी, हे समीकरण शाळेच्या दिवसांपासून अंगात मुरलेले आहे. मुख्याध्यापिकेनेच निरीक्षण केले आणि त्याच कागदाच्या आधारे पगारवाढ ठरली, तर त्या दिवशी वर्गात मुलांऐवजी पाहुणीसाठी सादरीकरण होईल. शिवाय अनोळखी मोठे माणूस आले की मुलेही बदलतात. किमान दोन-तीन भेटी नुसत्या बसण्यात जाऊ द्याव्या लागतात. त्यामुळे निरीक्षण बरोबरीच्या ताईने करावे, काय पाहायचे ते जिचा वर्ग आहे तिने आधी सांगावे, आणि कागद तिच्याकडेच राहावा. या तीन अटी पाळता येणार नसतील तर या मार्गाला न लागलेलेच बरे. मॉन्टेसरी यांनी शिक्षकाने स्वतःमधून काढून टाकायचे दोष म्हणून राग आणि गर्व यांवर बोट ठेवले होते. सहकाऱ्याच्या शेऱ्याने हे दोन्ही एकदमच जागे होतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

खर्चाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही, कारण दोन्हींत पैशापेक्षा वेळच लागतो. कागदपत्रांच्या दृष्टीने वही उजवी ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात लेखी परीक्षा अयोग्य ठरवून निरीक्षण आणि मुलांनी केलेल्या कामाचा संग्रह यांवर मूल्यमापन आधारावे, असे सांगितले. तारीख-वेळेसह लिहिलेली वही असेल तर समग्र प्रगतिपत्रक भरणे हे वेगळे काम राहत नाही. उलट, केवळ प्रगतिपत्रकातील चौकटी भरायच्या म्हणून केलेल्या खुणांना चिंतन समजण्याची चूक अनेक ठिकाणी होते. ‘जमते’, ‘मदतीने जमते’ या खुणांमधून ताईच्या कामाबद्दल काहीही कळत नाही.

व्हिडिओचा पर्याय सुचवला जातो, कारण फोन प्रत्येकीकडे आहे. स्वतःच्या हातांच्या हालचाली पाहण्यासाठी, विशेषतः नवे सादरीकरण बसवताना, रिकाम्या वर्गात केलेले चित्रण उत्तम आहे. मुले असताना चित्रण करायचे तर प्रत्येक पालकाची लेखी संमती हवी आणि ते चित्रण पालकांच्या गटात फिरणार नाही याची हमी हवी. लहान संस्थेला ही जबाबदारी पेलणे कठीण जाते.

महाराष्ट्रातील एक दाखला या निर्णयाला चांगली दिशा देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा मॉन्टेसरी विचार त्यांना चांगला परिचित होता. ताराबाई त्याआधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आल्या होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना किंवा पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, महागड्या साहित्याच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू आणल्या. निरीक्षण मुलांचे, बदल मात्र मोठ्यांच्या व्यवस्थेत, असा हा क्रम आहे. तो आधी मुलांकडे पाहिल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणूनच दोन्हींपैकी एकच मार्ग निवडायचा झाला तर मी वहीच्या बाजूने कौल देईन.

दोन्ही जमवता येत असतील तर क्रम असा ठेवावा. जून ते दिवाळी केवळ वही: रोज पाच मुले, वीस मिनिटे, शनिवारी दोघींनी अर्धा तास बसून नोंदी वाचायच्या आणि त्यातील निवाड्याच्या शब्दांखाली रेघ मारायची. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा परस्परांचे निरीक्षण, तेही एकाच ठरलेल्या प्रश्नावर. वहीमुळे तोपर्यंत दोघींनाही निवाडा न देता लिहायची सवय झालेली असते, त्यामुळे एकमेकींच्या कागदावरचे शब्द टोचत नाहीत. जेथे एकच ताई आणि एक मदतनीस आहे तेथे दुसरा भाग जवळच्या दुसऱ्या बालवाडीशी अदलाबदल करून साधता येतो. दोन्हीकडे सुट्टीचे वार वेगळे असतील तर कोणाचाही वर्ग बंद ठेवावा लागत नाही.