संगणक आणि मोबाइलचं कॅलेंडर: गूगल, आउटलुक की आयक्लाउड?

क्लासिक आउटलुकमध्ये (मायक्रोसॉफ्टचा संगणकावर बसवायचा जुना मेल-कॅलेंडर प्रोग्राम) जीमेलचं खातं जोडलं, मेल व्यवस्थित येऊ लागले, म्हणून त्याच आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये मंगळवारी १०:३० ला दाताच्या डॉक्टरांची वेळ टाकली. मंगळवारी फोन गप्पच. मग लोक फोन रीस्टार्ट करतात, ॲप काढून पुन्हा टाकतात, वायफायला शिव्या घालतात. बिघाड यातल्या कशातच नसतो. जीमेल तिथे आयमॅप पद्धतीने जोडलेलं असतं आणि आयमॅप फक्त मेल वाहतं. कॅलेंडर त्याच्या गावीही नसतं. आउटलुकच्या डाव्या यादीत त्या कॅलेंडरपुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: नोंद त्या संगणकाच्या डिस्कवर आहे, बाकी कुठेही नाही.

फोनवर याचंच उलटं रूप दिसतं. सॅमसंगच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये नवी नोंद करताना खातं ‘माय कॅलेंडर’ असेल, तर ती फोनमध्येच राहते. इतर कंपन्यांच्या कॅलेंडर ॲपमध्येही ‘फोन’ किंवा ‘लोकल’ असं खातं निवडलेलं राहून जातं. संगणकावर काहीच येत नाही, कारण काही निघालेलंच नसतं.

म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट की ॲपल हे ठरवताना सोयी मोजण्याआधी एक गोष्ट नक्की करावी: नोंदीचं घर एकच असणार, आणि ते फोनही नसेल, संगणकही नसेल. ते ऑनलाइन खातं असेल. फोन आणि संगणक या त्या घराच्या दोन खिडक्या.

आधी दोन चाचण्या

ब्राउझरमध्ये खात्याचं कॅलेंडर उघडा (कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम, आउटलुक डॉट कॉम किंवा आयक्लाउड डॉट कॉम) आणि ‘चाचणी १’ नावाची उद्याची नोंद करा. फोनवर ती आली का पाहा. मग फोनवर ‘चाचणी २’ करा, तीच ब्राउझरमध्ये दिसते का पाहा. ब्राउझरला पंच मानायचं. दोन्ही चाचण्या पास झाल्या, तर फोन निर्दोष आहे आणि गडबड संगणकावरच्या प्रोग्राममध्ये आहे. पहिली नापास झाली, तर फोन नोंदी खेचत नाहीये. फक्त दुसरी नापास झाली, तर नव्वद टक्के वेळा फोन भलत्याच खात्यात लिहितोय. दोन मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण ते सोडून थेट सेटिंग्ज उलथीपालथी करतात.

गूगल: अँड्रॉइड आणि विंडोज असेल तर बहुधा हेच

अँड्रॉइडवर गूगलच्या नोंदी काही सेकंदांत पोहोचतात, दोन्ही बाजूंनी. संगणकावर वेगळं काही बसवायला नको, ब्राउझर पुरतो. ब्राउझर नकोसा असेल, तर थंडरबर्ड हा मेल-कॅलेंडरचा प्रोग्राम फुकट आहे. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून कॅलेंडर त्यातच असतं आणि गूगलचं खातं त्यात दोन्ही दिशांनी चालतं. नव्या आउटलुकमध्येही गूगल खातं जोडलं की कॅलेंडर येतं. क्लासिक आउटलुकमध्ये मात्र थेट वाट नाही. पूर्वी गूगलचंच ‘गूगल कॅलेंडर सिंक’ हे साधन होतं, ते १ ऑगस्ट २०१४ पासून बंद झालं. ते उतरवून घ्या असा सल्ला जुन्या लेखांत सापडला, तर वेळ घालवू नका.

अँड्रॉइडवर अडतं ते तीन-चार ठिकाणी. फोनच्या सेटिंग्जमध्ये खात्यांच्या पानावर ‘ऑटोमॅटिकली सिंक ॲप डेटा’ बंद असतं. किंवा त्याच खात्याच्या ‘अकाउंट सिंक’मध्ये कॅलेंडरचं बटण बंद असतं. किंवा गूगल कॅलेंडर ॲपच्या सेटिंग्जमध्ये नेमक्या त्या एका कॅलेंडरचं (समजा ‘मुलांची शाळा’) सिंक बंद असतं. मग बाकी सगळं येतं आणि तेवढंच येत नाही. हे तिसरं सर्वांत जास्त चकवतं. आणि फोनची जागा पूर्ण भरली असेल, तरी सिंक थांबतं.

आणखी एक कारण आपल्याकडे जास्त भेटतं: बॅटरी वाचवण्याचा फोन कंपन्यांचा उत्साह. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या फोनमध्ये ॲपला मागे चालू राहायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘ऑटो लाँच’ नावाखाली असते. सोबत त्या ॲपची बॅटरी ‘नो रिस्ट्रिक्शन्स’वर ठेवावी. सॅमसंगमध्ये ‘स्लीपिंग ॲप्स’ आणि ‘डीप स्लीपिंग ॲप्स’ या याद्यांतून कॅलेंडर बाहेर काढावं. खूण सोपी आहे: ॲप उघडल्यावर नोंदी भराभर येतात, पण न उघडता आठवण वाजत नाही, तर दोष बॅटरीच्या सेटिंगचा.

सगळं करूनही अडलं, की ‘कॅलेंडर स्टोरेज’ या ॲपचा डेटा पुसा, असं सांगणारे भेटतात. उपाय लागू पडतो. पण फोनमधल्या ‘लोकल’ नोंदीही त्याच कोठारात असतात, त्या कायमच्या जातात. आधी त्या ऑनलाइन खात्यात नव्याने लिहून घ्याव्यात. बऱ्याच फोनमध्ये जुन्या नोंदीचं खातं बदलता येत नाही.

आयफोनवर गूगल निवडलं तर दोन पर्याय आहेत. गूगलचं ॲप टाकलं, तर नोंदी लगेच येतात. आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये गूगल खातं जोडलं, तर ते ‘पुश’ने (बदल झाला की लगेच पोहोचणं) नाही, ‘फेच’ने चालतं: ठरावीक वेळाने जाऊन विचारणं. हे अंतर १५ मिनिटं, ३० मिनिटं, तासभर किंवा ‘मॅन्युअली’ असं असतं. ‘ऑटोमॅटिकली’ ठेवलं, तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे खेचतो, म्हणजे दिवसभर खिशात असताना नाहीच. ‘रात्री सगळं बरोबर असतं, दुपारी काही दिसत नाही’ ही तक्रार याचीच. आयओएस १८ पासून हे सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ‘कॅलेंडर’, मग ‘कॅलेंडर अकाउंट्स’ या वाटेवर गेलं आहे. तिथल्या ‘डिफॉल्ट कॅलेंडर’मध्ये गूगलचं कॅलेंडर निवडायला विसरू नका, नाहीतर सिरीला सांगितलेली प्रत्येक नोंद आयक्लाउडमध्ये जाऊन पडेल. शेअर केलेली कॅलेंडरं आयफोनवर दिसत नसतील, तर गूगलचं ‘सिंकसिलेक्ट’ हे पान ब्राउझरमध्ये उघडून त्यांवर टिक करावी लागते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ती शोधत बसू नये, तिथे नाहीतच.

मायक्रोसॉफ्ट: आउटलुक सोडवत नसेल तर

ज्यांचा दिवस आउटलुकमध्ये उगवतो आणि मावळतो, त्यांनी गूगलची भर घालू नये. आउटलुक डॉट कॉमचं किंवा ऑफिसचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल-कॅलेंडर सेवा) खातं हेच घर करावं. यात मेल, कॅलेंडर आणि संपर्क एकाच वाटेने जातात, दोन्ही दिशांनी. आयफोनवर हे ‘पुश’ने चालतं, म्हणजे या एका बाबतीत गूगलच्या पुढे. मीटिंगचं आमंत्रण स्वीकारणं, खोली राखणं, सहकाऱ्याची वेळ मोकळी आहे का बघणं, हे इथे जितकं सरळ आहे तितकं बाहेरून जोडलेल्या कॅलेंडरमध्ये होत नाही.

गोंधळ होतो तो फोनवरच्या ॲपमुळे. आउटलुक ॲपमधल्या नोंदी फोनच्या कॅलेंडरमध्ये आपोआप उतरत नाहीत. अँड्रॉइडवर ॲपच्या सेटिंग्जमध्ये खात्यावर टॅप करून ‘सिंक कॅलेंडर्स’ चालू करावं लागतं. आयफोनवर खातं फोनच्या सेटिंग्जमध्ये वेगळं जोडावं लागतं. अँड्रॉइडवर आणखी एक फसगत आहे: एक्स्चेंज खातं जीमेल ॲपमधून जोडलं, तर त्याच्या नोंदी फोनवरच्या गूगल कॅलेंडर ॲपमध्ये दिसतात, पण ब्राउझरमधल्या गूगल कॅलेंडरवर दिसत नाहीत. ॲप गूगलचं असलं तरी नोंद मायक्रोसॉफ्टच्याच घरात राहते.

ऑफिसचं खातं फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जोडताना परवानगीची जी पाटी येते, ती वाचावी. फोन दुरून पुसण्याचा हक्क त्यात असू शकतो, आणि पुसणं म्हणजे पूर्ण फोन, मुलांच्या फोटोंसकट. आउटलुक ॲपमधून जोडलं, तर पुसली जाते ती त्या ॲपमधली माहिती. स्वतःच्या फोनवर ऑफिसचं काम करणाऱ्यांनी केवळ एवढ्यासाठी ॲप निवडावं, असं आमचं मत.

विंडोजसोबत येणारं ‘मेल ॲण्ड कॅलेंडर’ ॲप अजून वापरत असाल, तर दुरुस्ती शोधू नका. त्याचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२४ ला संपला.

आयक्लाउड: घरात मॅक असेल तरच

आयफोन आणि मॅक असतील, तर हा सर्वांत बिनत्रासाचा पर्याय, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आयफोन आणि विंडोज असतील, तर चित्र पालटतं. ‘आयक्लाउड फॉर विंडोज’ क्लासिक आउटलुकमध्ये आपलं एक वेगळं कॅलेंडर उभं करतं. तुम्ही सवयीने मूळ कॅलेंडरमध्ये लिहिता आणि ते फोनवर जात नाही; आयक्लाउडच्या रकान्यातच लिहावं लागतं. इतर प्रोग्राममध्ये आयक्लाउड जोडताना नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ॲपल खात्याच्या पानावरून ‘ॲप-स्पेसिफिक पासवर्ड’ काढावा लागतो. ॲपल खात्याचा मूळ पासवर्ड बदलला, की हे सगळे आपोआप रद्द होतात आणि सिंक बंद पडतं. अँड्रॉइडवर आयक्लाउड हवं असेल, तर डेव्हएक्सफाइव्ह नावाचं ॲप मध्ये लागतं. चालतं, पण घरात कुणालातरी ते सांभाळावं लागेल.

आयफोनवर जुन्या नोंदी गायब झाल्या, तर घाबरू नका. कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक’ ही ओळ पाहा. ‘१ महिना मागे’ असं असेल, तर त्याआधीचं फक्त दिसत नाही, पुसलेलं नाही. ‘ऑल इव्हेंट्स’ करा.

लिंक आणि केबल

आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदींच्या फाइलचा प्रकार) लिंक देऊन एक कॅलेंडर दुसऱ्यात ‘सबस्क्राइब’ करता येतं. ही वाट एकेरी असते: पाहा, पण लिहू नका. शिवाय सावकाश असते. गूगलमध्ये बदल दिसायला १२ तासही लागू शकतात. सुट्ट्यांची यादी किंवा सामन्यांचं वेळापत्रक यासाठी ठीक, दुपारच्या बदललेल्या मीटिंगसाठी नाही. आणि आयसीएस फाइल ‘इम्पोर्ट’ करणं म्हणजे तर नुसती झेरॉक्स: मूळ बदललं तरी प्रत तशीच.

कुठल्याही ऑनलाइन खात्यात नोंदी ठेवायच्याच नसतील, तर केबलची वाट उरते. विंडोजवर आयट्यून्समधून आयफोन आणि क्लासिक आउटलुक जोडता येतात, पण आयक्लाउडचं कॅलेंडर चालू असताना नाही. अँड्रॉइडसाठी कंपॅनियनलिंकसारखं विकतचं साधन आहे. केबल आणि आयक्लाउड अशा दोन वाटा एकदम चालू ठेवल्या, की प्रत्येक नोंद दोनदा येते.

साडेपाच तासांचा फरक

नोंद पोहोचते, पण वेळ चुकते, तेव्हा सिंकला हात लावू नका. १०:३० ची नोंद ५:०० ला दिसत असेल, तर कुठेतरी वेळक्षेत्र भारतीय नसून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे. विंडोजमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ ही ओळ निवडलेली आहे का बघा, मग ब्राउझरमधल्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र बघा. तिथलं सेटिंग विंडोजपेक्षा स्वतंत्र असतं. वाढदिवस दोन दिवस पसरलेला दिसतो, त्यामागेही हेच: आउटलुक पूर्ण दिवसाची नोंद मध्यरात्र ते मध्यरात्र अशी धरतं आणि वेळक्षेत्र बदललं, की ती पुढच्या-मागच्या दिवसात सांडते.

न्यू जर्सीतल्या मुलीशी दर रविवारी बोलायची नोंद असेल, तर ती कुणाच्या वेळेत केली आहे ते ठरवून घ्या. तिथले सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे ७:३०, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून ६:३०. नोंद तिच्या वेळेत असेल, तर आपली सरकेल. आपल्या वेळेत असेल, तर तिची.

जुन्या डेस्कटॉपवर सगळंच अडलं असेल, तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला, की तारीख काही वर्षं मागे जाते, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि कुठलंच खातं जोडलं जात नाही.

घर बदलताना

क्लासिक आउटलुकमधून गूगलमध्ये जायचं असेल, तर कॅलेंडर उघडून ‘फाइल’, मग ‘सेव्ह कॅलेंडर’. ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये ‘होल कॅलेंडर’ आणि ‘फुल डिटेल्स’ निवडा, नाहीतर थोड्याच दिवसांच्या नोंदी बाहेर पडतील. गूगलच्या वेबपानावर आधी ‘जुन्या नोंदी’ नावाचं रिकामं कॅलेंडर तयार करा आणि ‘इम्पोर्ट’ त्यातच करा. गडबड झाली, तर ते एकच कॅलेंडर उडवून पुन्हा सुरुवात करता येते. मुख्य कॅलेंडरमध्ये ओतलं, तर शेकडो नोंदी हाताने वेचाव्या लागतील. मीटिंगला बोलावलेल्यांची नावं इम्पोर्टमध्ये येत नाहीत, म्हणून पुढच्या तारखांच्या मीटिंगा नव्याने पाठवाव्या लागतात. नंतर चुकून काही पुसलं, तर वेबपानावरच्या ‘बिन’मध्ये ते सुमारे ३० दिवस मिळतं. आयक्लाउडमध्येही मागची प्रत परत आणता येते, पण ती सगळी कॅलेंडरं एकदम बदलते, हवी ती एकच नोंद उचलता येत नाही. जुन्या ठिकाणच्या नोंदी मात्र नव्या घरात दोन्ही चाचण्या पास होईपर्यंत पुसू नका.