घरगुती अ‍ॅजिलिटी संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळी संपल्यावर आठवडाभरात ऑनलाइन मागवलेला अ‍ॅजिलिटीचा घरगुती संच, म्हणजे कुत्र्याने अडथळे पार करत धावायच्या खेळाचे सामान, बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या घरी आला, त्या वेळी आमची कुत्री शांती नऊ महिन्यांची होती. आता ती सतरा महिन्यांची आहे. बहुतेक खरेदीदार पहिल्या आठवड्यातच पाच तारे देऊन मोकळे होतात आणि अशा वस्तूंचे खरे रूप बेळगावचा पाऊस लागल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी अनुभव लिहिण्यासाठी मुद्दाम थांबले होते. संचात तीन मीटर लांबीचा कापडी बोगदा, उंची बदलता येणारे दोन अडथळे, कुत्र्याने नागमोडी वळत जायचे सहा खांब व त्यांच्या प्लास्टिकच्या बैठका, जमिनीवर मांडायचा नळ्यांचा चौकोन, एक क्लिकर (कुत्र्याचे बरोबर आले की टक् असा आवाज करून ते त्याला कळवायचे छोटे साधन) आणि हे सारे भरून ठेवायची पिशवी एवढे सामान होते. मी ६,८०० रुपये मोजले. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण हुबेहूब याच नमुन्याचे संच मला निरनिराळ्या नावांनी विकायला ठेवलेले दिसले.

शांती मुधोळ जातीची आहे आणि तिचे नाव ठेवताना आमची घाई झाली, हे कबूल केलेले बरे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपड्यांचे जुने संस्थान, त्यावरून या जातीला नाव मिळाले. महाराष्ट्रात याच कुत्र्यांना कारवानी म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली ज्या देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होती. त्या तिकिटाचे चित्र काढण्यासाठी आमची शांती समोर उभी केली असती, तर चित्रकाराने काम सोडून दिले असते. वासाच्या मागावर जाणाऱ्या कुत्र्यांपेक्षा ही जात वेगळी आहे. ती नजरेने शिकार करते, म्हणजे समोर काही हलले की पाय आधी सुटतात आणि कान नंतर ऐकतात. अशा कुत्रीला उड्या मारायला शिकवावे लागत नाही. न मारायला शिकवावे लागते, आणि हा संच वापरताना मला पहिले दोन महिने नेमके हेच कळलेले नव्हते.

पहिली चूक बोगद्याने झाली. पाकिटावरच्या चित्रात तोच सर्वांत मोठा दिसतो, म्हणून तोच आधी उघडला. सुरुवातीला मी तो आकसून हातभर लांबीचा केला, पलीकडच्या तोंडाशी बसून खाऊ दाखवला आणि हळूहळू लांबी वाढवली. तीन दिवसांत शांती तीन मीटरच्या बोगद्यातून न अडखळता जाऊ लागली. मला आनंद झाला आणि तो चौथ्या दिवशी संपला. ती बोगद्यातून बाहेर यायची, माझ्याकडे न बघता वळसा घालायची आणि पुन्हा आत शिरायची. सलग चौदा फेऱ्या मी मोजल्या, त्यानंतर तिला पकडायला गेले तेव्हा तिने माझ्या स्वेटरची बाही धरून ओढली आणि फाडली. यात राग मुळीच नव्हता. उत्तेजना इतकी चढली होती की तोंडात काहीतरी धरल्यावाचून तिला राहवत नव्हते. पळणे हेच ज्या कुत्र्याचे बक्षीस आहे, त्याला बोगदा म्हणजे स्वतःच खाऊ देणारे यंत्र होऊन बसते आणि मग माझ्या हातातल्या तुकड्याला किंमत उरत नाही. संचासोबतच्या पत्रकात याविषयी एक ओळही नाही. तेथे 'दररोज तीस मिनिटे खेळवा' एवढाच सल्ला आहे. उतावळ्या पिल्लाच्या बाबतीत मी तो अपायकारक मानते. आमची सत्रे आता पाच मिनिटांची असतात, दिवसातून दोन आणि आठवड्यातून चारच दिवस.

बोगदा काही महिने माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी ज्या वस्तूकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते ती खाली आली, ती म्हणजे नळ्यांचा चौकोन. कुत्र्याने त्यात पाच सेकंद थांबावे, एवढाच त्याचा उपयोग. मी त्यात तांदळाचे रिकामे पोते दुमडून अंथरले. पोत्यावर चारही पाय आले की तुकडा पोत्यावरच ठेवायचा, माझ्या हातातून द्यायचा नाही, म्हणजे तिची नजर खाली राहते आणि अंगाचा ताण उतरतो. आधी रिकाम्या परड्यात, मग अडथळा मांडून ठेवलेला असताना, मग मी स्वतः अडथळ्यावरून धावत असताना तिने पोत्यावर राहावे, असा क्रम ठेवला. या शेवटच्या पायरीला पाच आठवडे लागले. शेजारच्या आजी कठड्यावरून रोज हा प्रकार पाहत असत. एकदा त्यांनी न राहवून विचारले, "काय गे, उडी तूच मारतीस आणि बक्षीस कुत्रीला होय?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे सोयीचे उत्तर नव्हते, पण रीत हीच आहे. मी वहीत एक आकडा टिपत असे : सामान बाहेर काढल्यापासून शांती भुंकणे थांबवून पोत्यावर स्थिर होईपर्यंत किती वेळ जातो. जानेवारीच्या आरंभी तो साडेतीन मिनिटे होता, मार्चअखेर अर्ध्या मिनिटाच्या आत आला. त्यानंतरच बोगदा पुन्हा खाली उतरवला.

येथे मुधोळ किंवा तत्सम सडपातळ जातींचे कुत्रे असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सुरुवातीच्या रेषेवर कुत्र्याला बसवून ठेवावे, असे सगळीकडे दाखवतात. या जातींची मागच्या मांड्यांची ठेवण आणि अंगावरची विरळ चरबी यांमुळे कडक जमिनीवर बसणे त्यांना अवघडल्यासारखे होते. शांती बसल्यावर दोन सेकंदांत उठत असे आणि मी तिला हट्टी समजत होते. आता ती उभ्यानेच थांबते.

आज्ञेच्या शब्दांनीही आमचा महिनाभर खोळंबा केला, आणि तो या भागातच होऊ शकतो. आम्ही घरात मराठी बोलतो; सकाळी शांतीला फिरवून आणणारा मुलगा कन्नड बोलतो. तो तिला 'बा' म्हणजे 'ये' म्हणून हाक मारायचा आणि मी त्याच दिवशी तिला 'बस' शिकवायची. कुत्रे शब्दाचा आरंभ पकडते. परिणामी मी 'बस' म्हटले की ती निम्म्या वेळा माझ्याकडे धावत येई आणि मी तिला त्याबद्दल रागवत असे. शेवटी आम्ही दोघांनी बसून शब्द ठरवले. बोलावण्यासाठी त्याचा 'बा' कायम ठेवला, थांबण्यासाठी 'निल्लू' घेतले, कारण ते आमच्या घरातल्या कोणत्याही शब्दासारखे लागत नाही, आणि सुटण्यासाठी 'चल' ठेवले. 'बस' कोशातून काढून टाकले. तेव्हापासून घोटाळा नाही.

अडथळ्यांविषयी तक्रार करण्यासारखे फारसे नाही. हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून सुचला, त्यामुळे आडवी दांडी धक्का लागताच पडली पाहिजे, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. या संचातील दांडी नुसत्या खाचेत टेकलेली असते आणि दोन्ही बाजूंनी सहज निसटते. कमी किमतीच्या काही संचांत दांडी भोकात घातलेली असते. ते घेऊ नका, पाय अडकतो. उंची १५ पासून ७५ सेंटिमीटरपर्यंत नेता येते, पण आम्ही अद्याप ३० च्या वर गेलेलो नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्या कुत्र्यांसाठी ५५ ते ६० सेंटिमीटर उंची असते, आणि त्याच नियमांनुसार अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला स्पर्धेत उतरता येत नाही. वाढत्या कुत्र्याच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा जो थर असतो तो घट्ट होईपर्यंत उंच उडीचे हादरे देऊ नयेत, असे आमच्या पशुवैद्यांनीही बजावले होते. शांती परड्याचा साडेचार फुटी गडगा स्वतःच्या हौसेने ओलांडते ते वेगळे. निदान मी सांगितलेल्या उड्या तरी कमी उंचीच्या असाव्यात.

खांबांची बैठक हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग. पाण्याने भरायच्या या पोकळ बैठका आहेत, आणि वीस किलोंचे कुत्रे खांबाला खांदा घासून गेले की खांब बैठकीसकट कलंडतात. दुसरे म्हणजे बैठका जोडणारी पट्टी खांबांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर ठेवते. स्पर्धेत ते ६० असते. ठेंगण्या कुत्र्याला हा फरक जाणवत नसेल, पण लांब पाठीच्या मुधोळला तेवढ्या जागेत कणा फारच वाकवावा लागतो. मी उद्यमबागेत एका ओळखीच्या कारागिराकडून लोखंडी पट्टी कापून घेतली, तिच्यावर साठ-साठ सेंटिमीटरवर बोटभर उंचीच्या सळया जोडून घेतल्या आणि संचातल्या नळ्या त्यांवर बसवल्या. खर्च ९०० रुपये आला. बेळगावात फौंड्री आणि वर्कशॉप यांची वाण नाही, तेव्हा हे काम कोणीही करून देईल. फक्त पट्टीच्या कडा घासून घ्यायला विसरू नका. शिकवताना मी सहा खांब एकदम लावले नाहीत. दोनच खांब दाराच्या चौकटीसारखे मांडले आणि पहिला खांब तिच्या डाव्या खांद्याकडे राहील अशा रीतीने ती आत शिरली, तरच तुकडा पुढे टाकला. मग मी उभी राहण्याची जागा बदलत गेले. दोनाचे चार आणि चाराचे सहा व्हायला मार्च ते जून एवढा काळ गेला.

क्लिकर पहिल्याच दिवशी निकामी ठरला, म्हणजे तो चालत होता, पण त्याचा आवाज एवढा कर्कश होता की शांती खाटेखाली गेली. साध्या बॉलपेनचे बटण दाबून तेच काम होते. खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे वाटाण्याएवढे तुकडे वापरते आणि तेवढी भाकरी संध्याकाळच्या जेवणातून कमी करते. (पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेला कुंदा हा बक्षिसात धरू नये, त्याचे परिणाम रात्रभर निस्तरावे लागतात.) ओढाओढीसाठी वडगावच्या एका विणकराकडून मिळालेल्या सुती चिंध्यांची वेणी केली होती, ती मात्र महिन्याभरात काढून टाकली, कारण सुटलेले लांब धागे पोटात गेले तर आतड्यात अडकतात. शिवाय ओढाओढीने शांती अधिक चढते आणि खाऊने खाली येते, असे माझ्या लक्षात आले आहे. त्यामुळे खेळणे खांबांनंतर एकदाच, बाकी सर्व वेळ खाऊ.

भात कापून शिवार मोकळे झाल्यावर मला वाटले की चाळीस फुटांच्या परड्यापेक्षा तेथे सराव बरा होईल. तिसऱ्याच मिनिटाला बांधावरून एक बगळा उडाला. शांती त्याच्यामागे गेली ती थेट दिसेनाशी झाली आणि दोन तासांनी दुसऱ्याच गल्लीत एका ओट्यावर धापा टाकत सापडली. संचाचा यात दोष नाही. मात्र तेव्हापासून कुंपण नसलेल्या जागी दहा मीटरची दोरी लावल्याशिवाय मी काहीही मांडत नाही, आणि दोरी गळपट्ट्याला न लावता छातीच्या पट्ट्याला लावते, कारण एवढ्या वेगात हिसका बसला तर मान दुखावेल. दोरी असताना खांब आणि बोगदा अर्थातच बंद.

आता पावसाचे. बोगद्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या उन्हाळ्यात आमच्या कडक जमिनीत शिरत नव्हत्या आणि जूनमध्ये चिखलात टिकत नव्हत्या. खताच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून, दोन-दोन पिशव्या पट्ट्याने जोडून बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या बोगद्यावर टाकल्या, तेव्हा तो जागचा हलेनासा झाला. हे न करता बोगदा वापरूच नये. आत कुत्रे असताना तो लोळला तर ते पुन्हा शिरणार नाही. कापड ओले राहिल्याने पंधरा दिवसांत काळी बुरशी धरली, आतली तार दोन ठिकाणी गंजली, आणि नखांनी पडलेल्या दोन चिरा मी गोधडीच्या दोऱ्याने शिवल्या. अडथळ्यांच्या नळ्यांना काही झाले नाही. पिशवीची चेन एप्रिलमध्येच गेली.

ज्यांचे कुत्रे मुळात शांत किंवा बुजरे आहे, त्यांना हा संच या किमतीत परवडेल, कारण बोगदा त्यांना धीट करील. ज्यांच्याकडे आमच्यासारखे वारे प्यालेले पिल्लू आहे, त्यांनी नुसते दोन अडथळे सुटे घ्यावेत, चौकोनासाठी हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची नळी आणि चार एल्बो आणावेत आणि बोगद्याचा विचार वर्षभराने करावा. मी आज पुन्हा खरेदी केली असती तर तसेच केले असते.

सध्या ओसरीवर पोते आणि दोन खांब एवढीच मांडामांड शक्य आहे. सहावा खांब मे महिन्यात मोडला, त्या जागी चिवारीची काठी लावली आहे. शांती बाकीच्या पाच खांबांना अंग घासून जाते आणि या एकाला मात्र न शिवता वळसा घालते. ती काठी आजींच्या दारची आहे आणि एरवी त्या तीच काठी उगारून तिला अळूच्या वाफ्यातून हाकलतात.