शिकागोत आठ महिने: पाहुण्यांच्या पाच तुकड्या फिरवल्यानंतर

ऑक्टोबरात इथे आलो तेव्हा प्रेक्षणीय स्थळं एकदा उरकायची आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता. पण आठ महिन्यांत पाहुण्यांच्या पाच तुकड्या येऊन गेल्या, शेवटची आई-बाबांची. त्यामुळे पाचव्यांदा जाताना कंटाळा येतो का, हीच आता माझी कसोटी.

मिलेनियम पार्कातलं 'क्लाउड गेट' हे आरशासारखं शिल्प या कसोटीला उतरलं. सगळे त्याला 'बीन'च (घेवड्याचा दाणा) म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं काम. स्टीलचे 168 पत्रे जोडलेत. सांधा शोधून दाखवा म्हणून मी पाहुण्यांना कामाला लावतो. आईने सांधा सोडला आणि त्यात बघून कोटाबाहेर आलेला पदर नीट केला. "नव्या कुकरच्या झाकणात दिसतं तसं तोंड दिसतंय," म्हणाली. फुकट आहे, सकाळी लवकर जा; अकरानंतर नुसती जत्रा.

पैसा खरा वसूल झाला तो आर्ट इन्स्टिट्यूटच्या वार्षिक सदस्यत्वाचा. एका दिवसाचं तिकीट काढलं की माणूस सगळं बघायला धावतो आणि शेवटी फक्त पाय लक्षात राहतात. मी आता दोन दालनं बघून निघतो. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं ते ठिपक्यांचं प्रचंड चित्र (1884-86) नाक लावून बघा, मग दहा पावलं मागे या. ठिपक्यांची नदीकाठची दुपार होते. बाबांना मात्र चित्रांपेक्षा वास्तू महत्त्वाची. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद याच इमारतीत बोलले. ते तात्पुरतं सभागृह आता नाही, हे सांगूनही बाबा हात जोडून उभे राहिले. गार्डने येऊन विचारलं, वाट चुकलात का?

उंचावरून शहर बघण्याचा नाद एकदाच केला. एका निरीक्षण मजल्याची तिकिटं आठवडाभर आधी काढली आणि नेमका त्या दिवशी ढग खाली उतरला. काचेपलीकडे दूध. तारीख बदलून मिळाली नाही. तेव्हापासून उंच इमारती मी खालूनच दाखवतो, नदीवरच्या बोटीतून. दीडेक तासाची फेरी, महाग आहे, पण घ्याच. 110 मजली विलिस टॉवर म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची जुडी; ही रचना ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांची. मरिना सिटीचे मक्याच्या कणसांसारखे दोन मनोरे, आणि त्यांच्या खालच्या मजल्यांवर कठड्याशी उभ्या गाड्या. आईचं लक्ष इमारतींकडे नव्हतंच: "ही गाडी पडली तर?" आणि ज्या नदीतून बोट जाते ती 1900 साली उलटी वळवलेली आहे. शहराची घाण मिशिगन तळ्यात जायची आणि प्यायचं पाणीही तळ्याचंच!

पैसे वाचवायचे असतील तर 'ब्राउन लाइन' या खांबांवरून जाणाऱ्या रेल्वेच्या गाडीत बसा. लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागात, ती लोकांच्या खिडक्यांना खेटून जाते आणि वेल्स स्ट्रीटच्या पुलावरून नदी ओलांडते. बोटीचं अर्धं काम तिकिटाच्या किरकोळ पैशांत.

नेव्ही पिअर, म्हणजे तळ्यातला करमणुकीचा धक्का, एकदा पुरे. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय फुकट, लहान मुलं असतील तर उत्तम.

जानेवारीत कोणी आलंच तर गारफील्ड पार्कची काचेची बाग. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ. पुसून वर बघावं तर डोक्यावर ताड-माड आणि ओल्या मातीचा वास. माझा कोकणातला मित्र तिथल्या बाकावर तासभर हललाच नाही.

जुलैत सहावी तुकडी येतेय. सोबत आठ वर्षांचा भाचा आहे आणि त्याला फक्त डायनोसॉर बघायचाय. फील्ड म्युझियममधली 'सू' (टी-रेक्स डायनोसॉरचा सांगाडा) माझीही राहिलीच आहे.