रजिस्टर लग्न की मांडवातलं लग्न आणि मग नोंदणी?

वधू-वर दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हा निवडीचा प्रश्न येतो. धर्म वेगळे असतील आणि कोणालाच तो बदलायचा नसेल, तर १९५४चा विशेष विवाह कायदा हीच सरळ वाट. बाकीच्यांपुढे दोन पर्याय असतात. रीतीप्रमाणे लग्न लावून नंतर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करायची, नाहीतर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देऊन त्याच्यासमोरच लग्न करायचं. ताईच्या लग्नाची नोंदणी मी निस्तरली आणि स्वतःचं लग्न दुसऱ्या वाटेने केलं. मी वकील नाही, तेव्हा एवढ्याच भांडवलावर बोलतो आहे.

विशेष विवाह कायदा म्हटलं की सगळे आधी नोटिशीची भीती घालतात, आणि ती खोटी नाही. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग नोटीस कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडेही जाते. आमची गेली, तिथे कोणीतरी वाचली आणि सासऱ्यांना अभिनंदनाचा फोन आला. घरचे राजी होते म्हणून हसण्यावारी गेलं. हरकतीला कारणंही मोजकीच चालतात: वय, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता. ‘जात वेगळी आहे’ किंवा ‘आम्हाला विचारलं नाही’ हे त्यात बसत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१मध्ये नोटीस लावायची की नाही हे जोडप्यावर सोडलं, पण आपल्याकडे ती लागतेच असं धरून चाला.

तरीही माझा कौल या बाजूला गेला, आणि त्याला कारण ठरली एक सही.

मांडवातल्या लग्नाच्या नोंदणी अर्जावर तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचीही सही लागते. ताईच्या लग्नात साक्षीदार मिळाले, गुरुजी मिळेनात. मंगल कार्यालयवाल्यांनी ठरवलेले, ऐन लग्नसराई, आज वास्तुशांत तर उद्या मुंज. फोन केला की ‘संध्याकाळी करा’, आणि संध्याकाळी फोन बंद. शेवटी गाठले तेव्हा त्यांनी सगळे ज्या नावाने ओळखतात त्या नावाने सही ठोकली. ओळखपत्रावर नाव वेगळंच. खिडकीतून अर्ज परत. पत्रिकेत ताईचं हाक मारायचं नाव छापलेलं, त्यावरही शंका निघाली. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंद करायची असते, ती मुदत डोक्यावर. अख्ख्या गावाने जेवून आशीर्वाद दिलेलं लग्न, आणि त्याचा कागद एका माणसाच्या मोबाईलच्या रेंजवर अवलंबून! कदाचित आमचंच नशीब खराब असेल. अनेकांची नोंदणी एका फेरीत होते म्हणे. पण माझ्या लग्नात तीन साक्षीदारांनी अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या आणि विषय संपला. त्या कायद्यात विवाह प्रमाणपत्र हाच लग्नाचा निर्णायक पुरावा आहे.

मांडवाच्या वाटेवर, म्हणजे हिंदू विवाह कायद्याखाली, तसं नाही. तिथे लग्न होतं ते विधीने; कागद फक्त नोंद. विधी सप्तपदीचाच हवा असंही नाही, दोघांपैकी एकाच्या रीतीचा असला तरी चालतो. पण विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये पुन्हा बजावलं. मुलगा परदेशात, व्हिसासाठी आधी कागद करू, लग्न दिवाळीनंतर बघू, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

घटस्फोटाचा विचार करून कायदा निवडू नये असं माझं मत, कारण तिथे फरक फार थोडा आहे. दोन्हीकडे पहिल्या वर्षात सहसा अर्ज करता येत नाही. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं तर वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हिंदू विवाह कायद्यातले हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं २०१७पासून ठरलं आहे. पोटगीत मात्र फरक आहे: हिंदू विवाह कायद्याखाली नवराही ती मागू शकतो, विशेष विवाह कायद्यात फक्त बायको. मुलांचा ताबा लग्न कुठे लागलं यावर ठरत नाही. न्यायालय मुलाचं हित बघतं, आणि मूल हिंदू असेल तर पाच वर्षांपर्यंत ते साधारणपणे आईकडे राहतं.

‘रजिस्टर केलंस तर वडिलोपार्जित हक्क जाईल’ असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर १९७६च्या दुरुस्तीनंतर तसं होत नाही. एकजण या धर्मांबाहेरचा असेल तर मात्र काकांचं ऐकून वकिलाकडे जावं. एकत्र कुटुंबातून वेगळं होणं आणि वारसा, दोन्हींचे नियम बदलतात.

दोन प्रकारच्या जोडप्यांना मात्र मी मांडवाकडेच पाठवेन. एक, आते-मामे भावंडं. हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर हे लग्न चालतं; विशेष विवाह कायद्यात ही नाती निषिद्ध यादीत आहेत आणि राज्य सरकारने रूढी अधिसूचित केली असेल तरच सूट मिळते. दुसरे, ज्यांच्या घरून जिवाला धोका आहे. कारण कायद्यात बसो वा न बसो, नोटीस वाचून माणसं दारात येतात. त्यांनी विधिवत लग्न लावावं, फोटो काढावेत आणि लगेच नोंदणीला जावं. अर्ज मात्र मांडवातच न्या, गुरुजींचं ओळखपत्र बघा आणि सही दक्षिणेच्या आधी घ्या.